जुनी होंडा जॅझ बघतोय, ती मागची सीट उभी होते त्यात खरंच काही आहे का? (साखळी)

घुमट_साखळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. आमच्या घरातली छोटी गाडी चौदा वर्षं चालली, आता तिचं पुरे झालं, आणि नवीन घ्यायचं बजेट नाही म्हणून सेकंडहँड बघतोय. डोक्यात होंडा जॅझ बसलीय. दोन बघून ठेवल्यात. एक २०१६ची पेट्रोल व्हीएक्स (म्हणजे वरचं मॉडेल), जीए-०४ नंबर, ६१ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०१८ची पेट्रोल, पणजीतली, चाळीस हजारच्या आत चाललेली आणि दिसायला एकदम चकाचक.

गरज सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. आईचे गुडघे गेलेत, खाली वाकून बसायची गाडी नको, आणि जीपसारखी चढून बसायची पण नको. महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला मावशीकडे जावं लागतं. आणि तिसरं म्हणजे आमचं आरती मंडळ, चवथीच्या दिवसांत चार-पाच घुमटं, शामेळ, कांसाळे, पेटी ही सगळी वाद्यं घेऊन घरोघरी फिरतो, शिवाय चित्रशाळेतून गणपती आणायचा असतो तो दरवर्षी कुणाची तरी व्हॅन मागून आणतो. घुमटाचं तुम्हाला माहितीच आहे, मातीचं भांडं, जरा कुठे आपटलं की गेलं, त्यामुळे डिकीत एकावर एक रचता येत नाहीत.

जॅझवाले सगळे सांगतात की आत जागा खूप आहे आणि मागची सीट थेटरातल्या खुर्चीसारखी वर उभी होते. माझा मित्र म्हणतो ही सगळी जाहिरात, चार मीटरच्या आतली गाडी ती चार मीटरच्या आतलीच, जागा काय आभाळातून येणार आहे का? मला पण ते पटतं आणि पटत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का ही जागा येते कुठून? आणि १२००चं इंजिन चोर्ल्याला पाच माणसं घेऊन चढेल का? आणि आपल्या गोव्याच्या खाऱ्या हवेत जुन्या जॅझला खालून काय बघायचं?

ड्राफ्ट्समन_पर्वरी

घुमटवाले, तुमच्या मित्राचा प्रश्न बरोबर आहे. जागा आभाळातून येत नाही, ती कुठून तरी काढावी लागते. जॅझमध्ये ती काढलीय पेट्रोलच्या टाकीतून. मी तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली, मशीनचे भाग आखले, गाड्या नाही, पण ही एक गाडी मी कागदावर आखून बघितलीय कारण मला राहवलं नाही.

तुम्ही पण करून बघा. एक कागद घ्या, बाजूने दिसणारी गाडी काढा, दोन चाकं, पुढे इंजिन, पुढची सीट, मागची सीट, डिकी. आता टाकी कुठे ठेवाल? जवळजवळ सगळ्या हॅचबॅकमध्ये ती मागच्या सीटच्या बसायच्या भागाखाली असते, मागच्या चाकांच्या थोडी पुढे. कारण सरळ आहे, अगदी मागे ठेवली तर मागून कुणी ठोकलं की धोका, म्हणून ती पुढे ढकलत ढकलत सीटखाली आणली, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांनी तीच जागा धरली. पण त्यामुळे काय होतं, मागच्या सीटखाली पत्र्याचा मोठा उंचवटा तयार होतो आणि सीट त्या उंचवट्यावर बसते. मग ती सीट वर उचलली तरी खाली टाकीच, आणि पाठ पुढे पाडली तरी ती उंचवट्यावर तिरकी पडते, डिकीशी सपाट होत नाही.

होंडाने ती टाकी चपटी केली आणि पुढच्या दोन सीटखाली नेऊन ठेवली. आता पुढच्या सीटखालची जागा बघा, माणूस बसतो म्हटलं की त्याच्या मांड्यांखाली अमुक एक उंची सोडावीच लागते आणि ती जागा बाकी गाड्यांमध्ये रिकामीच असते, फार तर छत्री आणि एखादी पाण्याची बाटली लोळत असते. ती मेलेली जागा त्यांनी वापरली. बस एवढंच केलं. पण त्या एका गोष्टीने मागचं सगळं मोकळं झालं, पुढच्या सीटच्या मागून थेट मागच्या आक्सापर्यंत, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्यापर्यंत, तळ खाली आणि सपाट. म्हणून मागच्या सीटचा बसायचा भाग पाठीला लावून उभा करता येतो आणि खाली खरंखुरं फ्लोअर मिळतं. आणि पाठ पुढे पाडली की बसायचा भाग आपोआप खाली पाय ठेवायच्या जागेत डुबकी मारतो, त्यामुळे पाठ डिकीच्या बरोबरीने सपाट पडते. दोन्ही गोष्टी त्या एका टाकीमुळे.

दुसरी गोष्ट मागच्या सस्पेन्शनची. टॉर्शन बीम आहे, म्हणजे इंग्रजी एच अक्षरासारखा एक दांडा, त्यात स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे ठेवलेत, स्प्रिंग फ्लोअरच्या खाली दडलीय, त्यामुळे डिकीच्या दोन्ही बाजूंना मोठे फुगवटे येत नाहीत आणि डिकीचा तळ खाली आणता येतो. भारतातल्या तिसऱ्या पिढीच्या जॅझची डिकी ३५४ लिटरची आहे, त्याच काळातल्या एलिट आय२०ची २८५ होती. लांबी दोघींची चार मीटरच्या आतच.

आणि पुढची काच बघा किती पुढे आणि किती आडवी आहे, म्हणून बाजूला तो छोटा तिकोनी काचेचा तुकडा द्यावा लागला. इंजिनाची खोली आखूड ठेवली की माणसांची खोली लांब होते. होंडाचं जुनं सूत्रच आहे ते, माणसाला जास्तीत जास्त आणि मशीनला कमीत कमी जागा.

ही गाडी पहिल्यांदा जून २००१ मध्ये जपानात आली, तिथे तिचं नाव फिट, युरोपात आणि आपल्याकडे जॅझ. २००२ साली तिने जपानात वर्षभराच्या विक्रीत टोयोटा कोरोलाला मागे टाकलं, त्याआधी ३३ वर्षं तो पहिला नंबर कोरोलाकडेच होता. छोट्या गाडीने हे करणं म्हणजे लहान गोष्ट नाही. आणि तिची मापंसुद्धा हवेतून आलेली नाहीत. जपानात १७०० मिलिमीटरच्या वर रुंदी गेली की गाडी मोठ्या वर्गात जाते, आणि शहरातल्या बऱ्याच यांत्रिक पार्किंगमध्ये १५५० मिलिमीटरपेक्षा उंच गाडी शिरत नाही. पहिली फिट १६७५ रुंद आणि १५२५ उंच. म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंती उभ्या होत्या, रुंद करता येत नाही, उंच करता येत नाही, मग एकच दिशा उरते, खाली. जागा खालून काढली. मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

तुमच्या आईबद्दल एक सांगतो. टाकी खाली असल्यामुळे पुढची सीट एका मर्यादेपेक्षा खाली नेताच येत नाही. ज्यांना स्पोर्ट्स कारसारखं खाली बसायला आवडतं त्यांची ही तक्रार असते. पण गुडघ्याच्या माणसाला हीच उंची बरोबर पडते, दार उघडलं, वळलं आणि टेकलं.

म्हापसा_जॅझ

वरच्या काकांनी जे कागदावर सांगितलं ते मी रोज वापरतो, माझ्याकडे २०१६ची व्हीएक्स पेट्रोल मॅन्युअल आहे, पहिल्यापासून माझ्याकडेच.

गणपतीचं सांगतो कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच दिसतोय. पूर्वी आम्ही मूर्ती मागच्या सीटवर ठेवायचो, दोन बाजूंना दोन माणसं धरून बसायची, तरी सीट मऊ असल्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकरला मूर्ती डुलायची आणि आईचा जीव वरखाली. जॅझ आल्यापासून एका बाजूची सीट उभी करतो. कसं करतात ते पण सांगतो, बसायच्या भागाला पुढे खाली एक पाय आहे फ्लोअरवर टेकलेला, बसायचा भाग धरून वर उचलायचा, तो पाय दुमडून आत घालायचा आणि पाठीला लावायचा की तिथेच अडकून राहतो, एका हाताने होतं. मग खाली पाट ठेवायचा, पाटाखाली जुनी गोधडी, त्यावर मूर्ती. सीटपेक्षा चांगलं फूटभर खाली बसते, वजन खाली गेलं की डुलणं संपलं. मी टेपने मोजलंय, फ्लोअरपासून छतापर्यंत चार फुटांच्या थोडं वर भरतं. आमची मूर्ती पावणेतीन फुटांची असते, प्रभावळीसकट आरामात. आणि मागचं दार चांगलं सताड उघडतं त्यामुळे मूर्ती आडवी-तिडवी करावी लागत नाही, उभीच्या उभी आत जाते. सीट ६०-४० अशी विभागलेली आहे, म्हणून बाजूला एक माणूस हात लावून बसू पण शकतो. माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं टांगतात ती) बाजारातून केळीचा घड, सुपाऱ्यांचे कातरे, कवंडळं, सगळं डिकीत वेगळं.

घुमटांसाठी तीच जागा वापरा. खाली चटई, घुमटं एकाला एक टेकवून मधे कपडे कोंबा, वरून काही येणार नाही, दोन्ही बाजूंनी आधार.

पण एक लक्षात ठेवा आणि हे नीट वाचा. ही सीट सगळ्या जॅझमध्ये नाही!! तिसऱ्या पिढीत ती वरच्या व्हीएक्सला होती आणि २०१८ला गाडी थोडी नवी करून आणली तेव्हा ती सीट काढूनच टाकली. टाकी पुढेच आहे, जागा तीच आहे, पण सीट साधी. त्यामुळे तुमची ती पणजीतली चकाचक २०१८ची कुठल्या महिन्यातली आहे, जुन्या रूपातली की नव्या, ते बघा. कागदावरचं व्हेरियंटचं नाव विसरा, मागचं दार उघडा आणि बसायचा भाग वर उचलून बघा, उचलला तर आहे.

दोष पण सांगतो. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, कागदावर ठीक वाटतं पण भरलेली गाडी खाली बसते. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीत चढवताना ओहोटी असली की रॅम्पचा कोन वाढतो आणि पुढच्या बंपरची खालची कड घासते. मी आता सरळ न चढवता किंचित तिरकी चढवतो, एक चाक आधी, मग दुसरं, फेरीवाले पण तसंच सांगतात. दुसरं म्हणजे खड्ड्यात मागून धाड आवाज येतो, मागे कुणी बसलं नसेल तर जास्तच.

घाटाबद्दल खरं सांगू, चढते, पण गिअर मागते. ताकद ९० पीएस आहे पण ती ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि ११० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, मिळते ती ४८०० ला. म्हणजे खाली जोर नाही. केरीच्या पुढे चढ लागला की दुसऱ्या-तिसऱ्यातच राहायचं, इंजिन ओरडलं तरी ओरडू द्यायचं, होंडाचं इंजिन फिरायला आवडणारं आहे, त्याला काही होत नाही. जे लोक चौथ्यात टाकून कुथत कुथत चढवतात तेच म्हणतात गाडीत दम नाही. एसी बंद करावा लागत नाही, पण पाच माणसं आणि सामान असलं तर ओव्हरटेक करताना आधी विचार करा.

सरळ_मडगाव

सगळे कौतुकच करतायत म्हणून मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

माझ्याकडे दुसऱ्या पिढीची जॅझ होती, २००९ ला आपल्याकडे पहिल्यांदा आली ती. गाडी वाईट नव्हती, पण तेव्हा सात लाखांच्या घरात किंमत, हॅचबॅकला एवढे पैसे कोण देणार, म्हणून ती चालली नाही, २०११ ला कंपनीने किंमत बरीच खाली आणली आणि २०१३ ला बंदच केली. २०१५ ला परत आणली आणि २०२३ ला परत बंद. म्हणजे जी गाडी जगभर खपली ती आपल्याकडे दोनदा उभी राहिली आणि दोनदा बसली. याचा अर्थ लोकांना ती जादूची सीट फार लागत नाही. दहा वर्षांत मी ती सीट किती वेळा उभी केली असेल? सात-आठ वेळा. एकदा फ्रिज आणताना, दोन वेळा झाडं आणताना आणि बाकी मुलांना दाखवायला.

आणि १२००चं इंजिन आपल्याला का मिळालं तर चार मीटर आणि १२०० सीसीच्या आत राहिलं की कर कमी, म्हणून. बाहेर हीच गाडी १३०० आणि १५००मध्ये मिळायची, अमेरिकेत तर १५००च. गाडी त्या इंजिनांसाठी आखली आणि आपल्याला करासाठी लहान इंजिन बसवून दिलं.

त्यापेक्षा बलेनो घ्या, त्याच बजेटमध्ये दोन वर्षं नवीन मिळेल, डिकी ३३९ लिटर, म्हणजे फक्त पंधरा लिटर कमी, गाडी हलकी असल्यामुळे घाटात बरी, आणि पार्ट प्रत्येक वाड्यावर मिळतो. जॅझचा हेडलॅम्प फुटला तर तुम्हाला कळेल.

ड्राफ्ट्समन_पर्वरी

सरळ भाऊ, तुमचं करांचं आणि किमतीचं अगदी बरोबर, त्यात वाद नाही. पार्टचं पण मान्य. पण डिकीच्या लिटरवर जाऊ नका, तिथे हिशोब चुकतो. डिकीचे लिटर सीट जागेवर असताना मोजतात. उभी वस्तू ठेवायची जागा त्या आकड्यात येतच नाही. बलेनोची टाकी मागच्या सीटखाली आहे, तिथे पावणेतीन फुटांची मूर्ती पायाच्या जागेत उभी ठेवून दाखवा. तुम्हाला दहा वर्षांत सात-आठ वेळा लागली म्हणजे तुमच्यासाठी ती जास्तीची गोष्ट होती हे खरं, पण हा माणूस घुमटं घेऊन गावभर फिरणार आहे.

आणि एक गोष्ट टाकी मधे असण्याची जी लोक विसरतात. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलोच्या आसपास वजन, ते दोन्ही आक्सांच्या मधे आणि खाली. टाकी भरलेली असो की रिकामी, मागचा भाग वरखाली होत नाही, गाडीचा तोल फारसा बदलत नाही. घाटाच्या वळणावर हे कळतं, नीट लक्ष दिलं तर. शिवाय मागून ठोकर बसली तर टाकी तिथून लांब.

गॅरेज_फोंडा

मी फोंड्याला गॅरेज चालवतो, होंडा बरीच येतात आमच्याकडे. घुमटवाल्यानी तिसरा प्रश्न विचारला त्याचं कुणीच उत्तर दिलेलं नाही म्हणून लिहितोय.

पहिलं काम, गाडी रॅम्पवर चढवून घ्या. जमिनीवरून वाकून बघितलेलं काही कामाचं नाही. विकणारा नाही म्हणाला तर पुढची गाडी बघा. रॅम्पवर चढली की टॉर्च घेऊन मधोमध उभे रहा, तुमच्या डोक्यावर टाकी दिसेल, पुढच्या सीटखाली. टाकीला धरून ठेवणारे पट्टे आणि त्यांचे बोल्ट बघा, वरवरचा तांबूस रंग चालेल, पण पापुद्रे निघत असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने हळू ठोकून बघा, घट्ट आवाज आला पाहिजे. मग पेट्रोल भरायचा पाइप बघा. टाकी पुढे आणि पेट्रोल भरायचं तोंड मागे, त्यामुळे हा पाइप बाकीच्या गाड्यांपेक्षा लांब असतो आणि मागच्या चाकाचा चिखल त्याच्यावर उडतो. बाकीच्या गाडीत हे बघायची सवय नसते म्हणून मेकॅनिक पण विसरतात. किनाऱ्याजवळची गाडी असेल, कळंगुट-बागाकडची किंवा वास्कोची, तर जास्त बारकाईने बघा. डिचोली-साखळीकडच्या गाड्यांना खारं वारं कमी पण खाणीची लाल माती खालच्या सांध्यात बसते आणि पाऊसभर ओलावा धरून ठेवते, ती धुऊन काढून मग बघा.

मागच्या टॉर्शन बीमचे दोन मोठे बुश (रबरी जोड) असतात, रबराला चिरा गेल्या असतील तर म्हापशाच्या भावांनी सांगितलेला तो धाड आवाज येतो. खूप जण शॉकअप बदलून मोकळे होतात आणि आवाज तसाच राहतो. आधी बुश बघायचे.

इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे तो खर्च नाही. पण ह्या इंजिनात टॅपेट, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या भागातलं बारीक अंतर, आपोआप सेट होत नाहीत, हाताने स्क्रू फिरवून सेट करावे लागतात. थंड इंजिनाला टक-टक आवाज येत असेल तर मालकाला विचारा टॅपेट सेटिंग कधी केलं. बहुतेक वेळा कधीच केलेलं नसतं. काम लहान आहे, पण इंजिन पूर्ण थंड असताना करायचं असतं म्हणून गाडी रात्री ठेवून घेतो आम्ही. लोकांना वाटतं गॅरेजवाला उगाच एक दिवस गाडी अडकवतो, तसं नाही. सेटिंग बरोबर असलं की गाडी पेट्रोल पण नीट खाते आणि घाटात ओढते पण. हे व्हीटेक इंजिन हळू फिरताना प्रत्येक सिलिंडरचा एक इनटेक वाल्व जेमतेम उघडतं, म्हणजे हवा आत घुमत जाते आणि थोड्या पेट्रोलात नीट जळते, वर फिरलं की दोन्ही वाल्व पूर्ण उघडतात. मग टॅपेटचं अंतर बिघडलेलं असेल तर या सगळ्या हुशारीचा काय उपयोग?

ऑटोमॅटिक बघत असाल तर ती सीव्हीटी आहे, दोन पुली आणि मधे स्टीलचा पट्टा, गिअर नाहीत. तिला होंडाचं स्वतःचं तेल लागतं, एचसीएफ-२ नावाचं, दुसरं कुठलं चालत नाही. बिल दाखवा म्हणायचं. बिल नाही तर घेताना तेल बदलायचा खर्च धरून भाव करायचा. घाटात सीव्हीटीचा आवाज आधी येतो आणि वेग मागून येतो, ते तसंच आहे, बिघाड नाही.

आणि २००९ ते २०१२मधली जुनी जॅझ कुणी स्वस्त म्हणून घेत असेल तर थांबा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये (सदोष भाग बदलायला गाड्या परत बोलावतात ते) त्या काळातल्या खूप होंडा आहेत. त्या एअरबॅगच्या आत अमोनियम नायट्रेट होतं, ते उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की खराब होतं आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडतात. आपल्या गोव्याची हवा म्हणजे उष्ण आणि दमट दोन्ही. होंडाच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की रिकॉल आहे की नाही ते कळतं, बदलून फुकट देतात. ह्यात हयगय करू नका, आणि आधीच कुणाकडे अशी गाडी असेल तर आजच बघा. सरळ_मडगाव, तुमची कुणाला विकली असेल त्यांना पण सांगा.

सरळ_मडगाव

माझी तेव्हाच बदलून घेतली होती, पत्र आलं होतं घरी. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, दमट हवेचं मला माहीत नव्हतं. ज्याला विकली तो काणकोणला असतो, त्याला रिकॉलचं बिल दिलंय का मी ते आठवत नाही, आज फोन करतो.

पेडण्याची_ताई

एक विचारू का, डिझेल कुणी वापरलीय? आमच्या शेजारी विकायची आहे, २०१७ची. शेजारचे काका म्हणतात घाटात पेट्रोलपेक्षा कितीतरी बरी.

गॅरेज_फोंडा

ताई, घाटात डिझेल बरीच. १५००चं इंजिन आहे, १०० पीएस, पण मुख्य म्हणजे २०० एनएम टॉर्क १७५० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट आणि तो पण खालीच. चढावर गिअर कमी बदलावे लागतात. आवाज मात्र आत येतो, आणि रोजचं चालणं दहा-पंधरा किलोमीटरच असेल तर डिझेल घेऊ नका. पेडणे ते म्हापसा रोज करत असाल तर काकांची गाडी नक्की बघा. क्लच कुठे पकडतो ते मात्र तपासा.

घुमट_साखळी

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, आईला पण सगळं वाचून दाखवलं.

आज सकाळी दोन्ही गाड्या बघून आलो. आधी पणजीतली. रंग, आतलं, सगळं नव्यासारखं. मागचं दार उघडलं, बसायचा भाग धरला, ओढला, हललाच नाही. विकणारा म्हणतो ह्यात मॅजिक सीट आहे म्हणून, मी म्हटलं मग उचलून दाखवा. त्याने पण ओढून बघितलं. नवीन रूपातली निघाली. वर न वाचता गेलो असतो तर रंगावर भाळून टोकन देऊन आलो असतो हे नक्की.

मग २०१६ची. मागच्या दाराला एक ओरखडा, पुढच्या बंपरची खालची कड घासलेली (मालक चोडणचा निघाला, म्हणजे फेरीबोट), पण सीट एका हाताने उभी राहिली, खटकन. मी बरोबर एक घुमट आणि टेप नेला होता. चार फूट एक इंच भरलं. घुमट खाली ठेवून मालकाला म्हटलं जरा चालवा, दोन स्पीडब्रेकर गेले, जागचं हललं नाही. मित्र पण बरोबर होता, तो खाली वाकून पुढच्या सीटखाली बघत बसला होता, मोबाइलचा टॉर्च लावून, आणि मग मला म्हणाला, हां, आहे इथे, टाकी इथे आहे.

आईला पुढे बसवून बघितलं. दार उघडलं, वळून बसली, आधार न घेता उतरली. उतरल्यावर काही बोलली नाही, परत एकदा बसून बघितलं.

थंड इंजिन चालू केल्यावर टक-टक आहे, हलका. टॅपेट कधी केलं विचारलं तर मालक म्हणाला ते काय असतं. टाकीच्या पट्ट्यांचं रॅम्पशिवाय कळणार नाही म्हणून मालकाला विचारलं, तो तयार आहे. गॅरेज_फोंडा, शनिवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का? आदल्या रात्रीच आणून ठेवली तर टॅपेट पण त्याच वेळी होतील, मालक म्हणतोय त्याची हरकत नाही.

गॅरेज_फोंडा

शुक्रवारी सातच्या आत आणा, रात्रभर थंड होऊ दे. शनिवारी रॅम्प मोकळा आहे. येताना बोंडल्याच्या बाजूने रस्ता खोदलाय तिकडून येऊ नका, आधीच कड घासलीय तिची.